‘सगळेच घेतात’ : एका समजुतीची उलटतपासणी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या बाई शाळेत शिक्षिका होत्या. शाळा सुटली तरी काही मुलं घरी जायला का रेंगाळतात, याचा शोध घेत त्या मुलांच्या घरी गेल्या. तिथे जे दिसलं त्यातून त्यांचं व्यसनमुक्तीचं काम उभं राहिलं. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय नुसता शोभेचा असून चालणार नाही. मी डॉक्टर आहे आणि माझी बरीचशी नोकरी ग्रामीण रुग्णालयांत गेली. म्हणून जो विषय रोज समोर येऊन बसत होता, तोच आज घेतला आहे.

दारूचा विषय काढला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘अहो, हल्ली सगळेच घेतात.’ दुसरं, ‘हे पूर्वापार चालत आलंय, असंच चालायचं.’ ही दोन्ही वाक्यं खरी नाहीत, एवढंच मला आज सांगायचं आहे. त्यासाठी जरा लांबून, इतर देशांतून फिरून आपल्याकडे येऊ.

बंदीचं वर्ष

सुरुवात 1919 पासून करतो. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत दारूबंदीची घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि जूनमध्ये फिनलंडमध्ये दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी आपल्याकडे राम गणेश गडकऱ्यांचं दारूच्या व्यसनावरचं नाटक ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. पहिला प्रयोग पाहायला गडकरी नव्हते. महिनाभर आधीच ते गेले होते. तीन दूरच्या मुलुखांत एकाच वर्षी समाज एकाच प्रश्नाने अस्वस्थ होता.

आपली अस्वस्थता त्याहूनही जुनी आहे. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याची आणि विकण्याची व्यवस्था सरकारच्या मुठीत आली आणि दारू हे तिजोरीचं भरवशाचं उत्पन्न झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1880 मध्ये, पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुल्यांनी शहरात दारूची आणखी दुकानं काढायला लेखी विरोध केला. 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन (पिकेटिंग) झालं, त्याला लोकमान्यांचा पाठिंबा होता. गाडगेबाबांच्या कीर्तनात आणि तुकडोजी महाराजांच्या प्रचारात दारू हा ठरलेला विषय असे. तुळशीची माळ घातली की दारू सुटली, हा वारकऱ्यांचा दंडक तर शतकांचा. ‘पूर्वापार’ म्हणायचंच असेल, तर आपल्याकडे न पिण्याचा आग्रहही तितकाच पूर्वापार आहे.

अमेरिकेतल्या बंदीचं पुढे काय झालं, हे आपण चित्रपटांतून पाहिलेलं आहे. मात्र चित्रपट अर्धीच गोष्ट सांगतात. बंदीच्या पहिल्या वर्षांत पिणं खरोखर कमी झालं आणि यकृताच्या सिरोसिसने होणारे मृत्यूही घटले. पण चोरटा धंदा, टोळ्या आणि विषारी दारू यांनी बंदीवरचा लोकांचा विश्वास उडवला. त्यात 1929 ची मंदी आली. सरकारला कराचा पैसा हवा होता आणि 1933 मध्ये बंदी उठली. फिनलंडने त्याआधी वर्षभर, 1932 मध्ये, बंदी उठवली. पण विक्री खुल्या बाजारात जाऊ दिली नाही, सरकारी मक्तेदारीत ठेवली. स्वीडनमध्ये तर 1955 पर्यंत दारूचं रेशन कार्ड होतं. ते बंद झालं तरी तिथे आजही कडक दारू प्रामुख्याने सरकारी दुकानातूनच मिळते. तिथे ‘एकावर एक फ्री’ अशी योजना नसते आणि रविवारी दुकान बंद असतं. ‘पूर्ण बंदी’ आणि ‘पूर्ण मोकळीक’ यांच्या मधला हा रस्ता लक्षात ठेवा.

तीन देशांची गोष्ट

फ्रान्स म्हणजे वाइन, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. 1956 पर्यंत तिथल्या शाळेच्या खानावळीत लहान मुलांनाही जेवणाबरोबर वाइन, सायडर किंवा बियर दिली जायची. पौष्टिक म्हणून पालकच ती डब्याबरोबर पाठवायचे. 1956 मध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना ती देणं बंद झालं. त्याच्या थोडं आधी पंतप्रधान पिएर मांदेस-फ्रान्स यांनी शाळांत दुधाचा पेला सुरू केला होता आणि त्यावरून त्यांची खूप टिंगल झाली होती. 1960 च्या सुमाराला फ्रेंच माणूस वर्षाला सरासरी 120 लिटरहून जास्त वाइन पीत होता. आज तो आकडा 40 लिटरच्या आसपास आहे.

हे झालं कसं? शेतावर आणि कारखान्यात अंगमेहनत करणारी माणसं शहरातल्या कचेऱ्यांत गेली. दुपारचं लांबलचक जेवण आखडलं. नळाचं स्वच्छ पाणी घरोघर पोहोचलं. रस्त्यावर चालकांची तपासणी होऊ लागली. 1991 मध्ये एव्हां कायदा आला आणि टीव्हीवरची दारूची जाहिरात आणि खेळांचं प्रायोजकत्व बंद झालं. रग्बीच्या ज्या युरोपीय स्पर्धेला एका बियरचं नाव होतं, तिला फ्रान्समध्ये नुसतं ‘एच कप’ म्हणावं लागलं. ज्या देशाची ओळखच वाइन होती, त्याने दोन पिढ्यांत आपलं वाइन पिणं एक तृतीयांशावर आणलं, आणि बंदी न घालता.

दुसरा देश रशिया. याच्याकडे जरा थांबून पाहू, कारण त्यात आपल्यासाठी धडे जास्त आहेत. मे 1985 मध्ये सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम सुरू केली. दुकानं दुपारी दोननंतर उघडू लागली, व्होडका महागली, मोल्दाव्हिया आणि जॉर्जियात द्राक्षांचे मळे उपटले गेले. दुकानांबाहेर लांबच लांब रांगा लागल्या. घरोघर गावठी दारू गाळली जाऊ लागली आणि बाजारातून साखर गायब झाली. लोक चिडले, तिजोरीला खड्डा पडला आणि दोन-तीन वर्षांत मोहीम बारगळली. पण त्या थोड्या काळातही रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान जवळपास तीन वर्षांनी वाढलं होतं.

पुढे सोव्हिएत संघ कोसळला. 1992 मध्ये व्होडकावरची सरकारी मक्तेदारी संपली आणि स्वस्त दारूचा पूर आला. नोकऱ्या गेलेल्या, भविष्य हरवलेल्या माणसांच्या हातात ती सहज पडली. 1994 मध्ये रशियन पुरुषाचं आयुर्मान 58 च्याही खाली घसरलं. युद्ध नाही, दुष्काळ नाही, आणि ऐन कर्तेपणातले लाखो पुरुष मेले.

‘रशियन माणूस पिणारच’ असं जग म्हणत असताना तिथल्या सरकारने 2006 पासून वेगळा मार्ग धरला. प्रत्येक बाटलीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा उभी केली. व्होडकाची किमान किंमत ठरवली आणि ती वाढवत नेली. त्याआधी बियर कायद्याने खाद्यपदार्थात मोडत असे. ती 2011 च्या कायद्याने दारू ठरली आणि रस्त्यावरच्या टपऱ्यांतून हटली. रात्री अकरानंतर दुकानातली विक्री बंद झाली. यातलं एकही पाऊल वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकेल असं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार 2003 ते 2016 या काळात रशियातलं दारूचं सेवन 43 टक्क्यांनी घटलं, आणि 2018 मध्ये पुरुषांचं आयुर्मान 68 च्या घरात पोहोचलं. जे एका तडाख्यात टिकलं नाही, ते चिवटपणे दहा वर्षं लावून धरल्यावर टिकलं.

तिसरा देश आइसलंड. लहानसा, पण मुलांच्या बाबतीत त्याने सगळ्या जगाला धडा दिला. 1998 मध्ये तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं मागच्या महिनाभरात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्के झालं. तिथे मुलांना भाषणं दिली नाहीत. रात्री अमुक वेळेनंतर मुलांनी एकटं बाहेर राहायचं नाही असा नियम कडक केला. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी रेक्याविकच्या नगरपालिकेने दरवर्षी कुटुंबांना पैसे दिले. पालकांनी आपापसांत लेखी करार केले की आमच्या घरात अल्पवयीन मुलांची दारूची पार्टी होणार नाही. आणि दरवर्षी शाळाशाळांतून मुलांनाच प्रश्न विचारून त्या त्या वस्तीचा अहवाल पालकांसमोर ठेवला. मूल संध्याकाळी कुठे असतं, कुणाबरोबर असतं, याची जबाबदारी सगळ्या गावाने उचलली.

या तिन्ही देशांनी एक गोष्ट सिद्ध केली. पिणं हा कुठल्याही समाजाचा जन्मजात स्वभाव नसतो. किंमत, वेळ, दुकानाचं अंतर, जाहिरात, रिकामी संध्याकाळ आणि आजूबाजूच्या लोकांची अपेक्षा यांतून ती सवय घडते. ज्या कारणांनी ती घडते, त्या कारणांना हात घातला की ती बदलते.

विज्ञानाने मत बदललं

माझ्या पिढीच्या डॉक्टरांनी रुग्णांकडून एक वाक्य फार ऐकलं आहे, ‘थोडी रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?’ 1991 मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात हा विचार मांडला गेला आणि तो जगभर पसरला. पुढे संशोधकांनी ते अभ्यास बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांतली गफलत दिसली. ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्या लोकांत आजारपणामुळे पिणं सोडलेले बरेच होते. ते आधीच आजारी, त्यामुळे त्यांच्या तुलनेत थोडी पिणारे निरोगी दिसायचे. शिवाय बेताने पिणारे बहुधा सुखवस्तू घरांतले आणि वेळेवर औषधोपचार घेणारे असत. हे घटक बाजूला काढल्यावर वाइनचा तो गुण बराचसा विरघळला.

कर्करोगाचा मुद्दा तर याहून जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच दारूला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत, बसवलं होतं. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. आपल्या राज्यात तंबाखूची चिमूट आणि दारूचा घोट बऱ्याचदा एकाच माणसाच्या तोंडात जातात, आणि दोन्ही मिळून धोका कित्येक पटींनी वाढतो. 2023 मध्ये कॅनडाच्या नव्या मार्गदर्शनात ‘कमी धोक्याची’ मर्यादा आठवड्याला दोन पेयांवर आली. त्याआधी पुरुषांना आठवड्याला 15 पर्यंत मुभा होती. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही.

लोकही बदलताहेत. 2025 मध्ये गॅलप संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या 54 टक्के प्रौढांनी आपण पितो असं सांगितलं. 1939 पासून चाललेल्या या पाहणीतला हा सर्वांत खालचा आकडा. जपानमध्ये तरुण पीत नाहीत म्हणून करखात्यालाच 2022 मध्ये दारूविक्री वाढवण्याच्या कल्पना मागवणारी स्पर्धा घ्यावी लागली. स्कॉटलंडने 2018 पासून दारूला किमान किंमत लावली आणि दारूमुळे थेट होणारे मृत्यू सुमारे 13 टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं.

श्रीमंत देशांतला बाजार आकसू लागला की कंपन्यांची नजर कुठे वळणार? जिथे तरुण लोकसंख्या मोठी आहे आणि हातात नवा पैसा आला आहे, तिथे. म्हणजे आपल्याकडे.

आपलं घर

आता पहिल्या वाक्याकडे येतो. सगळेच घेतात का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, भारतातल्या 15 वर्षांवरच्या पुरुषांपैकी 18.8 टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी 1.3 टक्क्यांनी दारू पीत असल्याचं सांगितलं. लोक थोडं लपवतात हे धरलं, तरी दर पाच पुरुषांतले चार जण पीत नाहीत असा याचा अर्थ निघतो. जगातही 2016 मध्ये निम्म्याहून अधिक प्रौढांनी वर्षभरात दारूला हात लावला नव्हता. तेव्हा ‘सगळेच घेतात’ हे वाक्य घेणाऱ्यांनी चालवलं आहे आणि न घेणाऱ्यांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं आहे.

मग काळजी कशाची? काळजी अशी की आपल्याकडे पिणारे थोडे, पण त्यांचं पिणं वाईट. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. देशात सुमारे 16 कोटी लोक पितात आणि त्यांतल्या 5.7 कोटींना, म्हणजे तिघांतल्या एकाहून अधिकांना, मदतीची गरज आहे. आपल्याकडे जेवणाबरोबर चवीने घोटभर पिण्याची रीत फारशी नाही. क्वार्टर घ्यायची, पाण्यात मिसळून दोन घोटांत रिचवायची आणि झिंगायचं, ही रीत आहे. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, जो मी डॉक्टर म्हणून विसरू शकत नाही : दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता.

हा आकडा रुग्णालयात कसा दिसतो ते सांगतो. पायाला मार लागला म्हणून एखादा ट्रॅक्टरचालक भरती होतो. बायको केसपेपर घेऊन उभी असते. पहिल्या दिवशी तो शांत असतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरूनही पाणी सांडतं. अंगाला घाम, नाडी धावती. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या मुंग्या झटकू लागतो, मुंग्या नसतातच. वॉर्डातले लोक म्हणतात, वेड लागलं, कुणी करणी केली. बायकोला एकांतात विचारलं की ती खाली बघत सांगते, ‘रोजची आहे साहेब, सकाळी तोंड धुण्याआधी लागते.’ दारू एकदम थांबल्यामुळे हे झालेलं असतं. योग्य औषधं वेळेत मिळाली नाहीत तर माणूस यात दगावतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे : रोज पिणाऱ्या माणसाची दारू शपथ घालून, खोलीत कोंडून एका दिवसात बंद करू नका. त्याला दवाखान्यात आणा. हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. औषधापुढची वाट दाखवायला 1957 पासून मुंबईत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्या धर्तीची केंद्रं आज राज्यात ठिकठिकाणी आहेत.

आता कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून तर बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं. एकीकडे हा कायदा आणि दुसरीकडे दारूच्या उत्पन्नावर डोळा. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, तेव्हा चर्चा झाली ती तिजोरीत येणाऱ्या जादा 14 हजार कोटींची. महाग दारू आरोग्याच्या हिताची असते हे स्कॉटलंडने दाखवलं आहे. पण शुल्कवाढीमागे आरोग्याचं धोरण नसेल, तर पुढच्या वर्षी विक्री घटली म्हणून तेच सरकार अस्वस्थ होईल. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा द्राक्ष बागायतदारांचं हित पुढे केलं गेलं. बागायतदाराची अडचण खरी आहे. पण तिचा भार किराणा घ्यायला आलेल्या कुटुंबावर टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

जिल्ह्यापुरत्या दारूबंदीबद्दलही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. वर्ध्यात 1970 च्या दशकापासून, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. बंदी उठवताना चोरट्या विक्रीचं कारण दिलं गेलं आणि चोरटी विक्री होतीही. पण बंदी नसलेल्या मुंबईत, मालवणीत, 2015 मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. म्हणजे चोरटी दारू नुसत्या बंदीतून येत नाही. देखरेख सुटली की ती कुठेही येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शासनाच्या सोबतीने 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू केलं. कायद्याला गावाची संघटना आणि उपचाराची सोय यांची जोड द्यायची, ही त्यातली कल्पना. रशियातल्या दुसऱ्या प्रयत्नासारखाच हा चिवटपणाचा रस्ता आहे.

आणि एक गोष्ट अस्सल महाराष्ट्राची. आपल्या राज्यात गावातल्या किंवा वॉर्डातल्या स्त्रिया दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. एक चतुर्थांश महिला मतदारांनी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं आणि दुकान बंद व्हायला ठरलेल्या प्रमाणात मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. सह्या मागे घ्या म्हणून घरी दबाव येतो, पडताळणीच्या दिवशी रोजंदारी बुडते, दुकानदाराची माणसं रस्त्यात उभी राहतात. तरीही अनेक ठिकाणी बायकांनी बाटली आडवी केली. त्यांतल्या पुष्कळ जणींना सहीऐवजी अंगठा उमटवावा लागला असेल. पण दारूचं धोरण म्हणजे काय, हे त्यांना पुरतं कळलं होतं.

आता काय करायचं

घरापासून सुरुवात करू. लग्नाच्या वरातीत, मित्रांच्या बैठकीत, कंपनीच्या पार्टीत जो ‘नको’ म्हणतो त्याला कारण विचारू नका. त्याच्या हातात जबरदस्तीने ग्लास देणं ही दोस्ती नव्हे. आषाढातल्या अमावास्येला दिव्यांची पूजा करायची आपली रीत. तिला ‘गटारी’ करून मुलांना पिण्याचं निमित्त शिकवू नका. गावच्या उत्सवाच्या कमानीवर सोड्याच्या नावाने दारूची जाहिरात झळकते, ती देणगी मंडळाने नाकारावी. मुलांना संध्याकाळी मैदान आणि ग्रंथालय उघडं मिळावं; आइसलंडला जमलं ते आपल्या एका वॉर्डाला न जमायचं काहीच कारण नाही.

शासनाकडे मात्र ठाम मागणी हवी. दुकानांची संख्या आणि वेळ आरोग्य खात्याला विचारून ठरावी. बाटलीवर कर्करोगाचा इशारा ठळक मराठीत असावा. आणि दारूपासून मिळणाऱ्या महसुलातला ठरलेला वाटा, कायद्याने बांधून, प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा, औषधं आणि समुपदेशक यांच्यासाठी राखून ठेवावा. उपचार न मिळालेली ती 37 माणसं आपल्याच तालुक्यांत राहतात. दारूतून पैसा उभा करणाऱ्या सरकारवर त्यांचा पहिला हक्क आहे. हा हक्क तुमच्या ग्रामसभेच्या ठरावात लिहा, तुमच्या आमदाराला लेखी कळवा आणि पुढच्या अर्थसंकल्पात त्याचं काय झालं ते विचारा.